रिसाल्याचे आबा

हिंगोलीत आता पलटण नाही, रिसाला नाही, आणि तोफखान्यात तोफ नाही. नावं मात्र तिन्ही शाबूत आहेत. ऑटोवाला "रिसाल्यात सोडू का?" म्हणून विचारतो, तेव्हा पिशवीत मेथीची जुडी घेऊन बसलेला माणूससुद्धा जरा ताठ होतो. आमचे आबा रिसाल्यात राहत नाहीत. त्यांचं गाव औंढ्याच्या रस्त्याला, फाट्यापासून आत. पण अख्ख्या गावाच्या वाटणीचं ताठ व्हायचं काम त्यांनी एकट्याने अंगावर घेतलेलं आहे.

कारण आबांकडे घोडी आहे.

ट्रॅक्टर असलेला माणूस डिझेलच्या भावावर बोलतो. म्हशी असलेला फॅटवर बोलतो. घोडी असलेला माणूस खानदानावर बोलतो, आणि तेही घोडीच्या नव्हे. सेनगावपासून वसमतपर्यंत कुठेही जा, असा एक तरी गृहस्थ भेटतोच. हळदीचे पैसे हातात आले की कुणी बोअर घेतो, कुणी पोरीचं लग्न काढतो. हा माळेगावच्या यात्रेला जातो आणि येताना टेम्पोत घोडी उभी करून आणतो. तिचा उपयोग काय, हे त्याला विचारायचं नसतं. शेतावर जायला मोटारसायकल आहे, बाजाराला जीप आहे. घोडी ही वर बसून दिसण्यासाठी असते.

आणि आबा दिसतात, यात वाद नाही. उंची बेताची, वजन क्विंटलला जरासं कमी, मिशीला पीळ, डोक्याला फेटा, पायात गुडघ्यापर्यंत शिवून घेतलेले बूट. डाव्या हातात लगाम. उजव्या हातात मोबाइल.

खानदानाचं प्रकरण असं आहे. निजामाच्या मुलखात इंग्रज अंमलदारांच्या हाताखाली जी फौज होती, हैदराबाद कंटिंजंट, तिच्या छावण्या बोलारम, औरंगाबाद, जालना, मोमिनाबाद म्हणजे आजचं अंबाजोगाई, एलिचपूर आणि आपली हिंगोली अशा पसरलेल्या होत्या. त्या फौजेचा खर्च निजामाकडून वेळेवर निघेना, म्हणून 1853 च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली झालं. हा इतिहास आबांना तोंडपाठ आहे, आणि काकूंनी घोडीच्या खर्चाचा विषय काढला की तो बाहेर येतो.

"घोड्याच्या चाऱ्यापायी आख्खं वऱ्हाड गेलं," आबा म्हणतात, "अन् तू दोन पोत्याच्या हरभऱ्यासाठी रडायलीस."

"वऱ्हाड निजामाचं होतं," काकू म्हणतात. "हरभरा माझ्या माहेरचा हाय."

1903 साली कंटिंजंट हिंदुस्थानी फौजेत मिसळून गेलं, आणि त्याच्या रिसाल्यातून पुढे डेक्कन हॉर्ससारख्या पलटणी आल्या. पहिल्या महायुद्धात, 14 जुलै 1916 रोजी, फ्रान्समध्ये सोमच्या लढाईत हाय वूड नावाच्या रानाजवळ विसाव्या डेक्कन हॉर्सने भाले रोखून घोडे घातले होते. आबा हा प्रसंग असा सांगतात की ऐकणाऱ्याला वाटावं, हे कालच्या नांदेड गाडीने तिकडून परत आलेत. आपले पणजोबा रिसाल्यात होते, असंही ते सांगतात. गावातली जुनी माणसं म्हणतात, पणजोबा रिसाल्यात जात होते खरे, पण गवताचे भारे घेऊन. हे कुणी आबांच्या तोंडावर बोललंच, तर आबा शांतपणे विचारतात, "मंग गवताबिगर घोडं पळतं का?" यावर आजवर कुणाला उत्तर सुचलेलं नाही.

तर माळेगाव. लोहा तालुक्यातल्या या खंडोबाच्या यात्रेत मार्गशीर्ष अमावास्येच्या सुमाराला घोडे, गाढवं, उंट, सगळ्यांचा बाजार भरतो. तिथे घोडा बघायला आलेल्या माणसांचे दोन प्रकार पडतात. जाणता खालून वर बघतो, हौशी वरून खाली. आबांनी बिजलीचे, म्हणजे आत्ताच्या घोडीचे, कान बघितले. टोकाला टोक टेकत होतं, म्हणजे मारवाडी वाण. गळ्यावरचा देवमणी बघितला, अंगावरचे भोवरे मोजले, अशुभ ठिकाणी एकही नाही याची खात्री करून घेतली, दात उघडून वय चार काढलं. रंग कुमैत. पाठ आखूड, पाय लांब, मान उंच. इथपर्यंत येता येता दुपार झाली आणि आबांना भूक लागली, त्यामुळे खूर बघायचे राहिले.

आखूड पाठ आणि लांब पाय हे दिसायला झकास असतं. व्यापाऱ्यानेही तेच गुण म्हणून सांगितलं होतं. घोडी दुडकीने चालायला लागते तेव्हा त्या गुणाचं व्याज सुरू होतं.

घोडं चालताना पुढचा पाय जमिनीवरून उचलला जातो आणि जवळजवळ त्याच जागी मागचा पाय येऊन पडतो. हे सगळं वेळेवर चालतं तोवर ठीक. पुढच्या पायाला उचलायला अंमळ उशीर झाला, किंवा मागचा पाय घाईने फार पुढे आला, की मागच्या खुराचं टोक पुढच्या नालावर आपटतं. एसटीत चढताना मागच्या माणसाने आपल्या चपलेच्या टाचेवर पाय ठेवला की जे होतं, तेच. आपण पुढे, चप्पल खाली. घोड्याची चप्पल खिळ्यांनी ठोकलेली असते, एवढाच फरक. आधी नुसता 'टक्' असा लोखंडावर लोखंडाचा आवाज येतो. मग एखाद दिवशी ते टोक बरोबर नालाच्या मागच्या कडेवर पडतं, नाल उचकटतो, आणि जाताना खिळ्यांबरोबर खुराच्या भिंतीचा टवका घेऊन जातो. पुढच्या वेळी नाल ठोकायचा तर खिळा धरायला तिथे खूरच शिल्लक नसतो.

आबांना तो 'टक् टक्' सुरुवातीला फार आवडला. "ऐकलं का, ताल धरते," असं ते पारावर सांगत. तालावर दोन महिने गेले. मग नाल जायला लागले.

काळ्या मातीत गेलेला नाल शोधणं हा एक स्वतंत्र उद्योग आहे. श्रावणात पाऊस लागलेला, सोयाबीन गुडघ्याएवढं, बांधाच्या कडेचा चिखल असा की बिजलीने पाय ओढला की 'फचाक्' व्हावं आणि पायाबरोबर काय वर आलं नि काय खाली राहिलं ते कळू नये. आबांनी जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक काढलं, त्याला सुतळी बांधली, आणि सालगड्याला ते ओढत ओळीओळीने फिरायला लावलं. आबा धुऱ्यावर उभे राहून हाताने दिशा देत होते. दिवसभरात डवऱ्याचा एक नट सापडला, बाभळीच्या कुंपणाची तार सापडली, काकूंनी मागल्या साली हरवला म्हणून आकांत केलेला विळा सापडला. नाल तेवढा सापडला नाही. काकू मात्र विळा मिळाल्यामुळे घोडीशी दोन दिवस बऱ्या वागल्या.

नाल सापडले तरी उपयोग शून्य. काळ्या घोड्याच्या पायातून आपोआप पडलेला नाल शनीला चालतो, उंबऱ्यावर ठोकला की घरात बरकत येते, अशी लोकांची समजूत. त्यामुळे तशा नालाला गिऱ्हाईक असतं. बिजली कुमैत. ती काळी असती तर आबांनी नालांच्या विक्रीतून दुसरी घोडी घेतली असती.

आता इलाज. इथे या जातकुळीच्या माणसाचा खरा स्वभाव दिसतो. तो इलाजाला कधीच मागे हटत नाही. फक्त त्याचा प्रत्येक इलाज खोगिराच्या खाली सुरू होतो आणि खोगिराच्या खालीच संपतो.

पहिल्यांदा दृष्ट काढली. मग गावच्या लोहाराला बोलावलं. लोहार बिचारा बैलांना पत्र्या ठोकणारा. त्याने सांगितलंही की घोड्याचं काम माझं नव्हे. पण आबांनी त्याला डोकं लढवून दिलं. नाल निघतो, म्हणजे तो लहान आहे, मोठा ठोक. लोहाराने मोठा ठोकला. तो पुढच्या पायाच्या टाचेमागे चांगला बोटभर बाहेर आला, म्हणजे मागच्या पायाला तुडवायला ऐसपैस जागा झाली. तो नाल त्याच दिवशी, वेशीच्या आत पडला. शोधावा लागला नाही, हा एक फायदा.

मग पुण्याहून रबरी टोप आले. घंटेच्या आकाराचे, पुढच्या खुरांवर चढवायचे, म्हणजे मागचा पाय टाचेवर आणि नालावर बसत नाही. वस्तू चांगली आहे, शर्यतीच्या घोड्यांनासुद्धा वापरतात. पण ती चढवायला दम लागतो. गरम पाण्यात घालून रबर मऊ करायचं, उलटं करायचं, खुरावरून ओढून घ्यायचं आणि पुन्हा सुलटं करायचं. आबा आणि सालगडी मिळून सकाळभर झटले. शेवटी रुंद तोंड वर आणि अरुंद तोंड खाली असे ते बसले, आणि बिजली बांधावरून जाऊन आली तेव्हा दोन्ही टोपांत पेरणी करता येईल एवढी माती होती. टोप सुलटे बसले असते तरी चिखलात ते काढून, पुसून, पुन्हा घालावे लागतात, नाहीतर आत गेलेली वाळू घोट्यावरची कातडी सोलते. आबांनी वर पाकिटावरचं चित्र बघितलं होतं. खालची बारीक अक्षरं चष्म्याअभावी राहिली.

यानंतरचा प्रकार जरा गंभीर होता. एका संध्याकाळी मागच्या खुराने नाल चुकवला आणि थेट पुढच्या पायाच्या टाचेचा मऊ भाग फाडला. सालीचं एक पान लोंबायला लागलं. आबांनी मूठभर हळद दाबली. हिंगोली जिल्ह्यात जखमेला हळद नाही दाबायची तर कुठे दाबायची? पण जनावरांच्या डॉक्टरांनी ती सगळी धुऊन काढायला लावली. घोड्याला धनुर्वात फार लवकर धरतो, लीद आणि माती आणि उघडी जखम एवढं भांडवल त्याला पुरतं, असं सांगून आधी धनुर्वाताचं इंजेक्शन टोचलं, मग पट्टी. जाताना ते सहज म्हणाले, "याचं मूळ नालात आहे. नालबंद दाखवा."

नालबंद म्हणजे चाचा. चाचा हिंगोलीतलेच, आणि नालाचं काम त्यांच्याकडे किती पिढ्यांपासून आहे ते त्यांना सांगता येत नाही. आबांना ते पहिल्यापासून ठाऊक होते. पण चाचांना बोलवायचं तर मागची उधारी द्यावी लागणार होती, आणि आबांच्या खानदानात उधारी तोडायची पद्धत नव्हती. पेशवाईत मोहिमेवर निघण्याआधी शिलेदारांना नालबंदी म्हणून पैसा आगाऊ हातावर पडत असे. पुण्याच्या दफ्तरदारांना एवढं कळत होतं की आधी नाल, मग अटकेपार. आबा स्वतःला शिलेदार म्हणवतात, म्हणजे घोडा स्वतःचा; सरकारी घोड्यावर बसतो तो बारगीर, असा फरक ते पोरांना समजावून सांगतात. नालबंदीचा भाग ते गाळतात.

आणि मुदत. घोड्याचा खूर आपल्या नखासारखा वाढतच असतो, महिन्याला पाऊण ते एक सेंटिमीटर. नाल ठोकलेला असला की तो झिजत नाही. पुढे पुढे वाढत जातो. चोच लांबली की पुढचा पाय जमिनीवरून सुटायला उशीर, आणि उशीर झाला की मागचा येऊन बसलाच. म्हणून पाच-सहा आठवड्यांनी नाल काढायचा, खूर तासायचा, पुन्हा ठोकायचा, मग नाल झिजलेला असो वा नसो. चाचांचा हिशेब तिथीवर चालतो: पुनवेला नाल ठोकला तर पुढची पुनव जाऊ द्यायची आणि तिच्या पाठच्या अवसेला काढायचा. आबांचा हिशेब वेगळा होता. नाल घट्ट बसलाय ना, मग कशाला काढायचा? टायर गुळगुळीत होईपर्यंत चालवायचं हा त्यांच्या जीपचा नियम त्यांनी बिजलीला लावला होता.

चाचा आले ते सायकलवर, कॅरिअरला अवजारांची पेटी. दुपार टळलेली. घोडीजवळ जायच्या आधी ते लांब उभे राहून बिडी ओढत राहिले. आबांना वाटलं, चहाची वाट बघतायत. ते तिच्या सावलीकडे बघत होते, असं त्यांनी नंतर मला सांगितलं. उभी असताना कोणत्या पायावर भार टाकते ते सावलीत बरं दिसतं, म्हणे. खरं असेल, किंवा चहाचीही वाट बघत असतील.

मग पुढचा डावा पाय उचलून त्यांनी दोन गुडघ्यांमध्ये धरला. खिळ्यांची वर वळवलेली टोकं हातोडीने सरळ केली, म्हणजे खूर न फाडता खिळा सुटतो. जंबुराने नाल टाचेकडून हलवत हलवत काढला. खाली वाढलेला खूर सुरीने तासला. खोबऱ्याच्या कापासारखे पांढरे तुकडे पडत गेले आणि आबांचं कुत्रं ते पळवत गेलं. मग कानस. चोच मागे आली, खूर आखडला. नवा नाल ऐरणीवर घेऊन त्याची पुढची कड त्यांनी वर वळवून गोल केली, की पाय पुढे कलंडला म्हणजे अडखळू नये, चटकन सुटावा. टाचेकडचा भाग खुराला आधार देईल इतकाच ठेवला. "टाचेला टेकू पायजे," ते म्हणाले, "शेपूट नक्को." सात खिळे: बाहेरून चार, आतून तीन. प्रत्येक खिळ्याला हातोडीचा आवाज बदलला की ते थांबत, कान देत, आणि पुन्हा मारत. मागच्या नालांचं टोक उलट बोथट, सपाट केलं आणि नाल खुराच्या कडेपासून चिमूटभर मागे बसवला. आता मागचा पाय लागलाच तर खुराचं टोक लागेल, लोखंडाची धार नाही.

"झालं?" आबांनी विचारलं.

"नालाचं झालं," चाचा म्हणाले. "आता चालवून दावा."

सालगड्याने बिजलीला कासऱ्याने धरून अंगणापासून हायवेच्या पाटीपर्यंत दुडकीने नेलं आणि आणलं. आवाज नाही. चाचांनी मान हलवली. मग ते म्हणाले, "मालक, आता तुमी बसा."

आबा बसले. रिकिबीत पाय, लगाम सैल, अंग पुढे कललेलं, उजव्या हातात मोबाइल, कारण पुतण्याला व्हिडिओ हवा होता. बिजली निघाली. दहा पावलांवर: टक्. वीस पावलांवर: टक् टक्.

अंगणात सात-आठ माणसं होती. सगळ्यांनी ऐकलं. सगळे सोयाबीनकडे बघायला लागले.

"उतरा," चाचा म्हणाले. सालगड्याने पुन्हा पळवली. आवाज नाही. "बसा." आबा बसले. टक्.

यात चमत्कार काही नाही. चार वर्षांची घोडी म्हणजे पोरच. स्वतःचा तोल सांभाळायला शिकतेय तोवर वरचं क्विंटल पुढच्या पायांवर झुकलं, आणि लगाम सैल, म्हणजे तिला मागून कुणी सावरत नाही. पुढच्या पायांवर भार, ते उचलायला जड. मागचे मोकळे, ते लांब पडतात. घोडीवर बसणारा ताठ बसला, अंग मागे ठेवलं, लगामाला हलका हात लावून तिला गोळा करून चालवलं, थकली की उतरला, चिखलात दुडकी सोडून पावली चालला, तर हे बरंचसं थांबतं. आणि ती रोज फिरली पाहिजे. वीस दिवस दावणीला आणि एकविसाव्या दिवशी मिरवायला, असं केलं की अर्ध्या कोसात पाय गळतात आणि मागचा पुढच्यावर जातो. भाकरी का करपली, पानं का सडली, घोडा का अडला, हे कोडं आबांनीच गावातल्या सगळ्या पोरांना घातलेलं आहे, उत्तरासकट.

पण हे आबांना सांगायचं कुणी? आयुष्यभर ताठ राहिलेल्या माणसाला 'ताठ बसा' म्हणून सांगणं सोपं नसतं.

चाचांनी बिडी विझवली, पेटी आवरली. म्हणाले, "घोडी बेस्ट हाय, मालक. खूर पण पोलादी. ती फकस्त वरच्या माणसाचं लई ऐकते. तुमी म्होरं वाकता, तिला वाटतं मालकाला घाई झाली. ती पण पळते बिचारी. माणूस मागं सरकून बसला की ती समजते, आता आपण साहेबासारखं जायचं."

हे 'साहेबासारखं' कामाला आलं. आबांनी मोबाइल पुतण्याच्या हातात दिला, मागे सरकले, छाती काढली, लगाम आखडला. बिजली मान मोडून, पावलं मोजत गेली आणि आली. एकदाच वाजलं, तेही वळताना. काकू ओट्यावरून म्हणाल्या, "आता कसं, रिसाल्यातलं वाटायलं." उधारी त्याच संध्याकाळी काकूंनी चुकती केली. कुठल्या पैशांतून, ते आबांना अजून कळलेलं नाही.

तुम्हाला वाटेल, प्रकरण मिटलं. बिजलीपुरतं मिटलं. दसऱ्याला आबा तिच्यावर बसून सीमोल्लंघनाला गेले, गळ्यात झेंडूची माळ, चारही नाल जागच्या जागी. पण या प्रकारच्या माणसाला एकदा इलाज सापडला की तो त्याच्याकडे मुक्कामाला राहत नाही. लोकांवर सोडला जातो. आबा आता जिल्ह्यात नालाचे जाणकार आहेत. मार्केट यार्डात हळदीच्या लिलावाला उभे असताना ते शेजारच्याला खुराची चोच समजावून सांगतात, आणि समजत नसेल तर शेजाऱ्याचाच बूट काढायला लावतात. नांदेडला गुरुद्वाऱ्याच्या घोड्यांकडे बघून त्यांनी तिथल्या सेवेकऱ्याला दोन गोष्टी सांगितल्या. तो वाहेगुरू म्हणाला आणि कामाला लागला. माळेगावला ते या वर्षी चक्क खालून वर बघत फिरत होते, फेटा पडेपर्यंत वाकून. त्यांनी चाचांची वाक्यं पाठ केलेली आहेत आणि ती ते 'आमच्या रिसाल्याची रीत' म्हणून सांगतात.

मागच्या वैशाखात कळमनुरीकडे एक लग्न होतं. नवरदेव भाड्याच्या पांढऱ्या घोड्यावर, पुढे बँड, त्यापुढे नाचणारी पोरं, मागे बायका आणि सगळ्यांच्या मागे आबा. मुहूर्त बारा पस्तीसचा, आणि बारा वीस झालेले. बँडवाल्याने श्वास घ्यायला क्लॅरिओनेट खाली केलं, तेवढ्या शांततेत आबांनी ऐकलं.

टक्.

"थांबवा!" आबा ओरडले.

वरात थांबली. आबा गर्दीतून वाट काढत घोड्याशी आले, आणि धोतर खोचून त्यांनी नवरदेवासकट घोड्याचा पुढचा पाय उचलला. नवरदेव डावीकडे कलला, बाशिंग उजवीकडे. घोडेवाला हात जोडून म्हणत होता, "बापू, दोनशे पावलं राह्यली." आबा कानस मागत होते. वरातीत कानस कुणाकडे असणार? कुणीतरी नेलकटर पुढे केलं.

"चोच बघा केवढी वाढली," आबा सगळ्यांना दाखवत होते. "दोन महिने झाले असतील खुराला हात लावून. आन् पोरगं बसलंय बघा कसं, म्होरं वाकून. मागं सर रे, मागं सर. साहेबासारखं."

मुलीचा मामा मंडपातून धावत आला. गुरुजींनी माइकवरून सावधानची तयारी चालवली होती. मामाने परिस्थिती बघितली, नवरदेवाला काखेत हात घालून सरळ खाली उतरवला, आणि त्याचा हात धरून मंडपाकडे पळत सुटला. मागे बँड, मागे पोरं, मागे बायका. रस्त्यावर उरले घोडेवाला, घोडा आणि आबा.

"आता बस तू," आबा घोडेवाल्याला म्हणाले, "बिनवजनाचं वाजतं का बघू. नको, थांब. तू बसलास तं वजन आलंच. उतर."